‘वारसा’ हवाच का? इनहेरिटन्सवर शंका घेतल्यापासून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळी आम्ही प्रोग्रॅमिंगचा एक छोटा वर्ग भरवतो. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं येतात, बरीचशी मराठी माध्यमातून दहावी झालेली. कुणी येळ्ळूरचं, कुणी कडोलीचं, एकदोघं खानापूरहून शेवटची बस सांभाळून. शिकवणं मराठीत, अडलं की कन्नडमध्ये. याच वर्गात एकदा मी म्हणालो, “इनहेरिटन्स शक्यतो वापरू नका.” इनहेरिटन्स म्हणजे एका क्लासनं (कोडच्या साच्यानं) दुसऱ्याचा कोड वारसा म्हणून घेणं; देणारा बाप, घेणारा पोर. देवळात जाऊन देव नाही म्हटल्यासारखी शांतता पसरली. त्यानंतर तेच तेच प्रश्न इतक्या जणांनी विचारले, की उत्तरं एकदाच लिहून टाकलेली बरी.

तुमचं नेमकं म्हणणं काय? सगळं ऑब्जेक्ट ओरिएंटेड चुकीचं?

नाही. क्लास चांगले, त्या साच्यांतून निघणारे ऑब्जेक्ट चांगले, आतली माहिती झाकून ठेवणं तर फारच चांगलं. माझं भांडण एकाच सवयीशी आहे. दोन क्लासमध्ये थोडा कोड सारखा दिसला, की लगेच एकाला बाप करायचं, दुसऱ्याला पोरगा करायचं आणि कोड फुकटात मिळाला म्हणून खूश व्हायचं. तो फुकटात मिळत नाही, त्याचं बिल उशिरा येतं इतकंच.

बापाचं पोराला मिळतं, जगरहाटीच आहे. त्यात वाईट काय?

मला वाटतं, अर्धा घोटाळा या शब्दानंच केलाय. आपल्याकडं वारसा म्हटलं की डोळ्यांपुढं उतारा येतो. बाप गेला, वारस नोंद झाली, पोरांची नावं लागली. पूर्वी हे सगळं हातानं लिहिलेल्या वहीत असायचं. कर्नाटकात २०००च्या सुमारास ‘भूमी’ आलं आणि उतारा कॉम्प्युटरवरून निघायला लागला. पण नोंद कशीही ठेवा, त्या वारशात एक गोष्ट पक्की असते. जे मिळायचं ते एकदा मिळालं. त्यानंतर बाप परत येऊन बांध सरकवत नाही.

कोडमधला बाप मात्र जिवंत असतो. रोज मन बदलतो. त्यानं आपल्या घरात एक भिंत पाडली, की पोराच्या घराचं छप्पर खाली येतं, आणि पोराला कुणी विचारलेलंही नसतं. याला ‘फ्रॅजाइल बेस क्लास’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर ठिसूळ बाप.

दुसरी गोष्ट बोज्याची. जमिनीबरोबर उताऱ्यावरचा सोसायटीचा बोजाही येतो, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं. नको असेल तर निदान हक्कसोडपत्र करता येतं. कोडमध्ये हक्कसोडपत्र नाही. बापाची प्रत्येक पब्लिक मेथड (बाहेरून सांगता येणारं काम) पोराच्या गळ्यात पडते, हवी असो वा नसो.

पुस्तकातलं कुत्रा-मांजराचं उदाहरण नको. खरं द्या.

देतो. यात चूक माझीच आहे, तेव्हा संकोच नाही.

जीएसटी यायच्या आधी उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका युनिटसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यांच्याकडं तीन कामं चालायची: कास्टिंग, मशीनिंग आणि हीट ट्रीटमेंट. मी जावा या भाषेत शिकलो होतो तसंच केलं. वर एक ‘जॉब’ नावाचा क्लास. त्यात पार्टी, चलन नंबर, तारीख, नग, आणि ‘रक्कम’ व ‘बिल’ अशा दोन मेथड. खाली तीन पोरं: ‘कास्टिंगजॉब’ किलोवर आकारणी करणार, ‘मशीनिंगजॉब’ नगावर, ‘हीटट्रीटमेंटजॉब’ परत किलोवर पण दर वेगळा. कागदावर हे वारशाचं झाड इतकं सुंदर दिसत होतं, की मी ते मालकांनाही काढून दाखवलं. त्यांनी चहा मागवला.

पहिला तडा साधाच होता. एका पार्टीला कास्टिंग आणि मशीनिंग दोन्ही एकाच चलनावर हवं होतं. धंद्यात ही रोजची गोष्ट. पण जावात क्लासला बाप एकच असतो. मग मी ‘कास्टिंगमशीनिंगजॉब’ केला. कास्टिंगचा वारसा घेतला आणि मशीनिंगचा कोड कॉपी करून चिकटवला. पुढं कुणाला मशीनिंग आणि हीट ट्रीटमेंट, कुणाला तिन्ही. तीन कामांची मिळून ७ कॉम्बिनेशन होतात. मालक म्हणाले, पेंटिंगही सुरू करायचं मनात आहे. चार कामांची होतात १५. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण पेंटिंगचा कोड दहा ओळींचा होता, आणि त्याच्यासाठी आठ नवे क्लास लागणार होते.

खरी फजिती झाली १ जुलै २०१७ला. जीएसटी लागू झाला. आपण पडलो सीमेवर, त्यामुळं यात एक जास्तीची गंमत. पार्टीच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे २९ असतील तर ती कर्नाटकातली, मग टॅक्स निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा असा दोन भागांत दाखवायचा. आकडे २७ असतील तर पार्टी महाराष्ट्रातली, मग सगळा आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा एकत्र टॅक्स. निपाणीची पार्टी २९, तिथून थोडं पुढं कागलची पार्टी २७. टेम्पो तोच, रस्ता तोच, बिल वेगळं.

मी विचार केला, वारसा आहेच हाताशी, एका जागी बदलू. वरच्या ‘जॉब’मधली ‘रक्कम’ आधी टॅक्स न लावता आकडा द्यायची. ती मी टॅक्ससकट देईल अशी केली, आणि ‘बिल’मधला टॅक्स काढला. सगळ्या पोरांना आपोआप मिळालं. फक्त ‘हीटट्रीटमेंटजॉब’नं कधीकाळी ‘बिल’ ही मेथड आपली आपण लिहिली होती. ती बापाकडून ‘रक्कम’ मागायची आणि तिच्यावर टॅक्स लावायची. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. १०,००० रुपयांच्या कामाचं बिल १८ टक्क्यांनी ११,८०० व्हायला हवं होतं, ते निघालं १३,९२४. कोल्हापूरच्या पार्टीचा फोन आला तेव्हा मालक माझ्या शेजारीच बसले होते. त्या दिवशी चहा आला नाही.

लक्षात घ्या, ‘हीटट्रीटमेंटजॉब’ची फाइल मी उघडलीसुद्धा नव्हती. तिच्यातली एक ओळही बदलली नव्हती. कोड तपासणारा कंपायलर गप्प होता. तरी ती बिघडली.

ही तुमची चूक आहे ओ सर. इनहेरिटन्सला का नावं ठेवता?

बरोबर, चूक माझी. पण चूक कुठं लपून बसते, हे ठरवण्यात साधनाचाही हात असतो.

मी तरी उद्यमबागेतला साधा माणूस. ज्यांनी जावा बनवली त्यांचं पाहा. जावात ‘स्टॅक’ नावाचा क्लास पहिल्या आवृत्तीपासून आहे. स्टॅक म्हणजे थप्पी. मिठाईच्या दुकानात कुंद्याच्या बॉक्सची थप्पी असते ना, वर ठेवायचा आणि वरचाच उचलायचा, तशी. त्यांनी ‘स्टॅक’ला ‘व्हेक्टर’ या यादीच्या क्लासचं पोर केलं, कारण आतला साठवणुकीचा कोड तयार मिळत होता. पण व्हेक्टरमध्ये हवं तिथं घुसवायची सोय आहे, ती वारशानं स्टॅकला मिळाली. त्यामुळं जावाच्या थप्पीत मधोमध बॉक्स घुसवता येतो. आज खुद्द जावाची कागदपत्रंच सांगतात, हा वापरू नका, ‘डेक’ वापरा. पण जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून नातं तोडता येत नाही. ‘प्रॉपर्टीज’ या क्लासची तीच कथा. त्यात फक्त मजकूर ठेवायचा असतो, पण तो ‘हॅशटेबल’चा पोरगा असल्यानं त्यात काहीही कोंबता येतं, आणि ते कळतं फाइलमध्ये लिहायच्या वेळी, प्रोग्रॅम आडवा झाल्यावर.

ऑब्जेक्ट ओरिएंटेडचे चार खांब म्हणून जे शिकवतात (एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम) त्यात एन्कॅप्सुलेशन पहिला. आतलं आत, बाहेरचं बाहेर. इनहेरिटन्स नेमका याच खांबाला धडकतो, कारण नीट वारसा घ्यायचा तर बापाच्या पोटात काय चाललंय ते पोराला माहीत असावं लागतं. ॲलन स्नायडर यांनी १९८६ मध्ये याच विषयावर आख्खा निबंध लिहिला होता. तेव्हा मी काही नवीन शोध लावलेला नाही.

“अमुक हा तमुक आहे” म्हणता आलं तर वारसा घ्यावा, असा नियम आहे. तो पाळला तर?

तो नियम कानाला गोड लागतो आणि दगा देतो. प्लॉटचं घ्या. ‘आयतप्लॉट’ नावाचा क्लास. लांबी बदलता येते, रुंदी बदलता येते, क्षेत्रफळ मिळतं. आता ‘चौरसप्लॉट’. चौरस हा आयत आहे की नाही? शाळेत तसंच शिकवलंय, मग झाला पोरगा. चौरसाच्या बाजू सारख्या राहायला हव्यात म्हणून लांबी बदलली की तो रुंदीही बदलतो.

आता कुणीतरी एक साधं फंक्शन लिहिलंय: ३३ बाय ३३ फुटांचा प्लॉट घे, लांबी ६६ कर, रुंदीला हात लावू नको. ३३ बाय ३३ म्हणजे १ गुंठा, तेव्हा उत्तर २ गुंठे यायला हवं. त्या फंक्शनला तुम्ही चौरस दिलात तर येतं ६६ बाय ६६, म्हणजे ४ गुंठे. दोन गुंठे हवेतून आले. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात असं होत असतं, तर आपल्याकडं भाऊबंदकीच उरली नसती.

कॉम्प्युटर शास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७च्या एका भाषणात हा मुद्दा मांडला आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत नीट गणितात बसवला. बापाच्या जागी पोर उभं केलं तर बापावर भरवसा ठेवून लिहिलेला कोड मोडता कामा नये. म्हणजे प्रश्न ‘आहे का’ असा नाहीच. ‘तसा वागतो का’ असा आहे. वर्गात मी एवढंच विचारतो, तेव्हा निम्मी झाडं जागच्या जागी कोसळतात.

मग पॉलिमॉर्फिझम पण सोडायचं काय?

अजिबात नाही. पॉलिमॉर्फिझम म्हणजे हाक एकच, पण प्रत्येक ऑब्जेक्ट आपापल्या पद्धतीनं ओ देतो. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे.

वारसा घ्यायला जावात ‘एक्स्टेंड्स’ हा एक शब्द लिहिला की दोन कामं एकदम होतात. एक, मी याच्या जागी चालेन असं वचन दिलं जातं. दोन, याचा कोड मला मिळतो. पहिलं काम फार मोलाचं. त्यातूनच पॉलिमॉर्फिझम येतं. दुसरं काम म्हणजे शॉर्टकट. दोन्ही एकाच गाठीत बांधलेली असल्यानं शॉर्टकटसाठी वचन देऊन बसतो, आणि मग ते पाळता येत नाही. स्टॅकचं हेच झालं.

वचन द्यायला इंटरफेस आहे, म्हणजे नुसती कामांची नावं. ‘आकारणी’ नावाचा इंटरफेस करा, त्यात एकच मेथड ठेवा, किलोवाल्यांनी ती आपल्या पद्धतीनं लिहावी, नगवाल्यांनी आपल्या. बाप नाही, वारसा नाही, पॉलिमॉर्फिझम शंभर टक्के.

वारसा नाही तर कोड परत परत लिहायचा?

खानापूर भागात भातलावणीला पैरा करतात. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. त्यासाठी कुणी कुणाचा दत्तक पोरगा होत नाही. कोडमध्ये यालाच कंपोझिशन म्हणतात. ज्याची मदत हवी तो ऑब्जेक्ट आपल्याजवळ ठेवायचा आणि काम त्याला सांगायचं.

युनिटचं सॉफ्टवेअर मी असंच परत लिहिलं. ‘जॉब’ एकच. त्याच्या पोटात कामांची यादी. यादीतलं प्रत्येक काम फक्त आपली आकारणी जाणतं. टॅक्स पूर्ण वेगळा. त्याला आकडा आणि पार्टीचा राज्य कोड द्यायचा, तो टॅक्स सांगतो. कास्टिंग आणि मशीनिंग एकत्र हवंय? यादीत दोन कामं घाला. तिन्ही? तीन घाला. पेंटिंग आलं तेव्हा एक नवा क्लास लागला. आठ नव्हे, एक.

टॅक्सचा दर बदलला तर आता मी एकच फाइल उघडतो, आणि तिच्यातून काय मोडेल हे तिथंच दिसतं. आधीही एकच फाइल उघडायचो म्हणा. फरक दिसण्यात आहे.

यात टायपिंग जास्त होत नाही?

होतं. दहा ठिकाणी “हे काम त्याला सांग” असं लिहावं लागतं. कॉटलिन या भाषेत त्यासाठी खास सोय आहे, जावात नाही. बोटं थोडी दुखतात.

हे इनहेरिटन्स काढलं तरी कुणी?

नॉर्वेतल्या दोघांनी. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्युगार्ड, ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये. त्यांची ‘सिम्युला ६७’ ही भाषा १९६७ची. नावाप्रमाणं ती खऱ्या जगाची नक्कल करायला बनवली होती. विचार करताना त्यांच्यापुढं जी उदाहरणं होती, त्यात पुलावरचा टोलनाका होता: रांगेत ट्रक आणि बस, दोघांनाही रांगेत उभं राहता यायला हवं. कोगनोळीच्या नाक्यावर अडकलो की मला हमखास त्यांची आठवण येते. त्या कामासाठी वारसा ही झकास कल्पना होती. दोघांना मिळून २००१चं ट्युरिंग पारितोषिक, कॉम्प्युटर क्षेत्रातलं मोठ्या मानाचं, मिळालं, आणि २००२ मध्ये थोड्या अंतरानं दोघंही गेले.

पण मला जास्त सांगावंसं वाटतं ते स्मॉलटॉक या भाषेबद्दल. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्दप्रयोग ज्यांचा, त्या ॲलन के यांच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या गटानं १९७२ मध्ये स्मॉलटॉकची पहिली आवृत्ती केली. तिच्यात इनहेरिटन्स नव्हतंच. ते आलं स्मॉलटॉक-७६ मध्ये. के यांचा भर ऑब्जेक्टनी एकमेकांना निरोप पाठवण्यावर होता. म्हणजे आपण ज्याला चारातला एक खांब म्हणतो, तो नसताना त्या घरात माणसं चांगली राहत होती.

क्लासला दोन बाप चालणाऱ्या भाषा आहेत की. सी प्लस प्लस, पायथॉन?

आहेत. दोन्ही बापांचा आजा एकच निघाला की ‘डायमंड’ तयार होतो, आणि आज्याची इस्टेट दोन वाटांनी येते. पायथॉननं २.३ या आवृत्तीपासून कुणाला आधी विचारायचं याचा ‘सी-थ्री’ नावाचा पक्का क्रम ठरवला. क्रम चोख आहे. पण तो वापरणाऱ्याला तोंडपाठ नसतो, मलाही नाही.

इतकं वाईट असेल तर मोठे लोक का वापरतात?

मोठे लोक बरीच वर्षं सावध करत आलेत. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांचं डिझाइन पॅटर्नवरचं (कोड रचायच्या नेहमीच्या पद्धतींवरचं) पुस्तक आलं. वारशापेक्षा जुळणी, म्हणजे कंपोझिशन, बरी, हा सल्ला त्यात सुरुवातीलाच आहे. ते पुस्तक आपल्याकडं सगळे मानतात, सुरुवातीची पानं मात्र न वाचताच उलटतात.

नव्या भाषा बनवणाऱ्यांनी तर हातानंच उत्तर दिलं. २००९ मध्ये खुली झालेली गो, २०१५ मध्ये १.० झालेली रस्ट, दोन्हींत क्लासचा वारसा नाही. कॉटलिनमध्ये आहे, पण प्रत्येक क्लासला मुळातच कुलूप असतं. वारसा द्यायचा असेल तर मुद्दाम ‘ओपन’ लिहावं लागतं. जावाही २०२१च्या १७व्या आवृत्तीत ‘सील्ड’ क्लासपर्यंत आली. माझी पोरं कोणकोण, हे बापानं आधीच जाहीर करायचं, बाकीच्यांना दार बंद. उताऱ्यावर नावं घालण्याच्या हे बरंच जवळ गेलं.

कुठंच वापरायचं नाही काय मग?

वापरा की. मी स्वतः वापरतो. एक्सेप्शनची (प्रोग्रॅम अडल्याच्या प्रकारांची) झाडं उत्तम चालतात, कारण त्यात वागणं जवळजवळ नसतंच, फक्त वर्गवारी असते. मोबाइल ॲपसाठी अँड्रॉइड किंवा फ्लटरमध्ये स्क्रीन बनवताना बहुधा फ्रेमवर्कचा (तयार सांगाड्याचा) क्लास एक्स्टेंड करावाच लागतो. तिथं तत्त्व सांगत बसू नका, काम उरका. बाप आणि सगळी पोरं एकाच माणसाच्या ताब्यात, एकाच फाइलमध्ये, आणि झाड दोन पिढ्यांचं असेल तरी माझी हरकत नाही. पणजोबा दिसायला लागले की मात्र मी थांबतो. याला शास्त्राधार नाही, माझी पोळलेली जीभ आहे.

पेपरात काय लिहू सर?

चार खांब लिहा. इनहेरिटन्सचे प्रकार आकृतीसकट लिहा. व्हीटीयूचं, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, मुख्यालय १९९८पासून आपल्याच गावात आहे म्हणून पेपर तपासणारे माझं ऐकतील असं समजू नका. मार्क पाडून घ्या, मग वाद घाला.

पुण्या-बेंगळूरच्या मुलाखतीत हे बोलावं काय?

बोला, पण माझं नाव सांगून किंवा “इनहेरिटन्स बोगस आहे” असं म्हणून नव्हे. आधी ते नीट समजावून सांगा. मग थप्पीचं उदाहरण द्या, जावात मधोमध कसं घुसवता येतं ते फळ्यावर दाखवा. समोरचा माणूस कामाचा असेल तर पुढची दहा मिनिटं तोच बोलेल. आमच्या एका पोरानं हे केलं. निवड झाली की नाही ते विचारू नका, त्या दिवशी त्यांना टेस्टिंगची माणसं हवी होती.

ते युनिटचं सॉफ्टवेअर अजून चालतंय काय?

चालतंय. एक कबुली द्यायला हवी. जुन्या झाडातला ‘हीटट्रीटमेंटजॉब’ मी पुरता काढलेला नाही. एका जुन्या पार्टीची बिलं त्याच्याच साच्यात छापली जातात, आणि मालकांना तो साचा बदललेला चालत नाही. महिनाअखेरीला ते बिल निघालं की मी अजून कॅल्क्युलेटरवर एकदा मोजून बघतो.